आखूड तरंगांचे जगदीशचंद्र

जगदीशचंद्र बोस म्हटले की आपल्याकडे हटकून दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली अशी की वनस्पतींना जीव असतो हे त्यांनी सिद्ध केले. दुसरी अशी की बिनतारी संदेशाचा शोध खरे तर त्यांचा, आणि मार्कोनीने तो पळवला. पहिली गोष्ट शाळेच्या पुस्तकातून येते, दुसरी वक्तृत्व स्पर्धेच्या व्यासपीठावरून. मी पदार्थविज्ञान शिकवतो. विज्ञान दिनाच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसण्याची पाळी दरवर्षी येते. त्यामुळे मार्कोनीच्या चोरीची कथा मी निरनिराळ्या आवाजांत, निरनिराळ्या आवेशांत ऐकलेली आहे. टाळ्या नेहमीच पडतात. पण जगदीशचंद्रांनी प्रत्यक्ष केले काय, हे विचारले तर बोलणारा गप्प होतो.

याचे मला वाईट वाटते. कारण त्यांनी जे केले ते या चोरीच्या कथेपेक्षा कितीतरी मोठे आहे. शिवाय ते आपल्या रोजच्या एका तक्रारीशी थेट जाऊन भिडते. जांबोटी-कणकुंबीकडचे विद्यार्थी सोमवारी वर्गात आले की सांगतात, सर, गावात रेंज नव्हती, म्हणून टिपणे उघडता आली नाहीत. रेंज का येते आणि का जाते, याचे निम्मे उत्तर जगदीशचंद्रांच्या चरित्रात आहे. ते चरित्र मला जसे दिसते तसे येथे मांडतो.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, पूर्व बंगालातला; तो प्रदेश आज बांगलादेशात आहे. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते आणि ब्राह्मो समाजाचे होते. त्या काळी साहेबाच्या हाताखालचा मोठा अधिकारी मुलाला इंग्रजी शाळेत घाली. भगवानचंद्रांनी मुलाला आधी बंगाली पाठशाळेत घातले. तेथे चपराशाचा मुलगा आणि कोळ्याचा मुलगा त्याच्या शेजारी बसत. मातृभाषा आधी यावी, आपली माणसे आधी कळावीत, इंग्रजी मागाहून येईलच, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला नाही. आपल्या महाविद्यालयात मराठी आणि कानडी माध्यमांतून आलेली मुले पहिल्या वर्षी इंग्रजीच्या धास्तीने मागच्या बाकावर बसतात. त्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवायला हरकत नाही.

पुढे कलकत्त्याला सेंट झेवियर्समध्ये फादर लाफाँ यांच्याकडे ते पदार्थविज्ञान शिकले. प्रयोग करून दाखवण्याची हौस त्यांनी या पाद्र्याकडून घेतली असावी, असे मला वाटते. १८८० साली वैद्यकी शिकायला ते विलायतेला गेले. पण अंगात मुरलेला ताप पाठ सोडीना, म्हणून वैद्यकी सोडून केंब्रिजला निसर्गविज्ञान घेतले. तेथे लॉर्ड रॅले हे त्यांचे शिक्षक. १८८४ मध्ये पदवी घेऊन ते परतले आणि १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले.

येथे पगाराचा प्रसंग येतो. गोऱ्या प्राध्यापकाला जो पगार, त्याच्या दोनतृतीयांश हिंदी माणसाला द्यायचा, असा रिवाज होता. जगदीशचंद्रांची नेमणूक हंगामी, म्हणून त्यांना त्याच्याही निम्मा. म्हणजे एकतृतीयांश. त्यांनी भांडण केले नाही, नोकरीही सोडली नाही. ते रोज तास घेत राहिले आणि पगाराला हात लावला नाही. असे तीन वर्षे चालले. त्याच काळात वडिलांच्या डोक्यावर कर्ज होते आणि १८८७ मध्ये त्यांचे अबला दास यांच्याशी लग्नही झाले होते. अबलाबाईंनी मद्रासला वैद्यकीचे शिक्षण घेतले होते. पुढे स्त्रीशिक्षणासाठी त्यांनी केलेले काम स्वतंत्र लेखाचा विषय आहे. शेवटी सरकारने पूर्ण पगार मान्य केला, तोही मागच्या तारखेपासून, आणि त्या रकमेतून वडिलांचे कर्ज फिटायला मदत झाली.

आता खरा विषय. १ जानेवारी १८९४ रोजी जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ वारले. वय अवघे छत्तीस. प्रकाशासारखेच, पण डोळ्यांना न दिसणारे विद्युतचुंबकीय तरंग असतात, हे मॅक्सवेलने गणिताने सांगितले होते. हर्ट्झ यांनी १८८७-८८ च्या सुमारास प्रयोगाने ते दाखवले. त्यांच्या मृत्यूनंतर ऑलिव्हर लॉज यांनी लंडनला या कामावर व्याख्यान दिले. ते छापून कलकत्त्याला पोहोचले आणि जगदीशचंद्रांच्या हाती पडले. ३० नोव्हेंबर १८९४ रोजी, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, यापुढे संशोधनाला वाहून घ्यायचे असे त्यांनी ठरवले. तोवर ते नुसते चांगले शिक्षक होते. छत्तीस वर्षांच्या माणसाने, कॉलेजात प्रयोगशाळा नसताना, आठवड्याचे सगळे तास सांभाळून संशोधन सुरू करायचे ठरवावे, ही गोष्ट विद्यार्थ्यांपेक्षा आम्हा अध्यापकांनीच अधिक मनावर घेण्याजोगी आहे. प्रेसिडेन्सीत त्यांना मिळालेली जागा म्हणजे न्हाणीघराला लागून असलेली चोवीस चौरस फुटांची खोली. हाताशी एक कलकत्त्यातलाच कारागीर.

हर्ट्झ यांचे तरंग लांब होते. त्यांच्या प्रसिद्ध प्रयोगांतील तरंगांची लांबी साठ-पासष्ट सेंटिमीटरच्या घरात भरते. तरंग प्रकाशासारखा वळतो की नाही हे पाहायचे, तर लोलक तरंगापेक्षा मोठा हवा. म्हणून हर्ट्झ यांना डांबराचा जो लोलक घडवावा लागला, तो दीड मीटर उंच आणि सहाशे किलोंच्या आसपास वजनाचा होता. चोवीस चौरस फुटांच्या खोलीत हे शक्यच नव्हते. जगदीशचंद्रांनी प्रश्न उलटा केला: उपकरण मोठे करता येत नाही, तर तरंगच लहान करू. त्यांनी ठिणगी पाडणारे गोळे इतके लहान केले, की तरंगांची लांबी अडीच सेंटिमीटरवर आली आणि पुढे पाच मिलिमीटरपर्यंत खाली गेली. आजच्या भाषेत हे १२ ते ६० गिगाहर्ट्झ होय. हा सारा संसार एका मेजावर मावू लागला.

आणि काय तो संसार! तरंग एका दिशेने नेण्यासाठी धातूची पोकळ नळी. तिला आज आपण वेव्हगाइड म्हणतो. तरंग गोळा करण्यासाठी नळीच्या तोंडाशी नरसाळे. आज तो हॉर्न अँटेना. गंधकाचे भिंग, गंधकाचा लोलक. तरंगांचे ध्रुवण पाहण्यासाठी त्यांनी काय वापरावे? तागाच्या दोऱ्यांना पीळ देऊन केलेल्या जुड्या. आणि रेल्वेचे ब्रॅडशॉ वेळापत्रक! त्या जाड्या पुस्तकाच्या पानापानांत कथलाचा वर्ख घातला, की एका दिशेने कंप पावणारा तरंग पार जातो आणि दुसऱ्या दिशेचा अडतो. आमच्या प्रयोगशाळेत एम.एस्सी.च्या वर्गाला तीन सेंटिमीटर तरंगांचा मायक्रोवेव्ह बेंच आहे. त्याची नळी, नरसाळे, मेणाचा लोलक मांडताना मी मुलांना सांगतो, की हे सगळे सामान आपल्या देशातल्या एका कोंदट खोलीतून निघाले आहे. कंपनीच्या कॅटलॉगात तसे लिहिलेले नसते.

१८९५ च्या मे महिन्यात बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे त्यांचा पहिला निबंध आला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. एका खोलीतून तरंग सोडले. मधल्या भिंती आणि खुद्द लेफ्टनंट गव्हर्नरांचा देह यांचा अडथळा ओलांडून ते पलीकडे गेले आणि तेथे घंटा वाजली, पिस्तूल उडाले, दारूचा स्फोट झाला. या प्रसंगाची मौज अशी, की वक्ते नेहमी तरंग साहेबाच्या शरीरातून आरपार गेल्याचे सांगतात. मला याची थोडी शंका आहे. मानवी देहात पाण्याचा अंश फार, आणि इतके आखूड तरंग पाणी मोठ्या प्रमाणात शोषून घेते. बहुतेक तरंग साहेबाला वळसा घालून किंवा भिंतींवरून परावर्तित होऊन गेले असणार. आजही एका टोकाच्या ५जी फोनवर हात चुकीच्या जागी पडला, तर नेमक्या याच लांबीच्या तरंगांचा संदेश एकदम क्षीण होतो; म्हणून अशा फोनमध्ये निरनिराळ्या कडांना दोन-तीन अँटेना बसवतात.

आता तो वादाचा मुद्दा. तरुण मार्कोनी त्याच सुमारास इटलीत धडपडत होता. त्याला तरंगांचा स्वभाव अभ्यासायचा नव्हता. त्याला संदेश दूर पाठवायचा होता. अनुभवाने त्याच्या ध्यानात आले, की अँटेना उंच आणि तरंग लांब केला की पल्ला वाढतो. म्हणून तो लांब तरंगांकडे गेला. जगदीशचंद्रांना तरंग प्रकाशासारखे वागताना पाहायचे होते, म्हणून ते आखूड तरंगांकडे गेले. म्हणजे एकाच वाटेवर दोघांची शर्यत लागली होती आणि एकाने दुसऱ्याला पाय घालून पाडले, असा प्रकार नव्हता. ते एकाच नाक्यावरून दोन दिशांना निघाले होते. आणि पहिला कोण हे विचारायचेच, तर त्याच नाक्यावर लॉज आणि रशियाचे पोपोव्ह हेही उभे होते.

तरीही एक ऋण शिल्लक राहते आणि ते नोंदलेच पाहिजे. तरंग आला हे ओळखणाऱ्या साधनाला तेव्हा कोहीरर म्हणत. त्याची अडचण अशी, की एकदा तरंग आला की तो अडकून बसे. टिचकी मारून त्याला पुन्हा जागे करावे लागे. लोखंड आणि पारा यांचा आपोआप पूर्वपदावर येणारा कोहीरर जगदीशचंद्रांनी तयार केला आणि १८९९ च्या एप्रिलमध्ये त्यावरचा निबंध रॉयल सोसायटीपुढे आला. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने अटलांटिकपलीकडून आलेला संदेश टिपला, तेव्हा त्याच्यापाशी इटालियन नौदलाकडून आलेला पाऱ्याचा कोहीरर होता. त्याचे मूळ जगदीशचंद्रांच्या निबंधात आहे, हे अभियंते प्रबीर बंद्योपाध्याय यांनी १९९८ साली पुराव्यांसह मांडले. ही चोरीची हूल नव्हे, संशोधन आहे. वक्तृत्ववाल्यांनी ते वाचावे.

पेटंटाच्या बाबतीत जगदीशचंद्र हट्टी होते. १९०१ साली लंडनच्या व्याख्यानाआधी एक श्रीमंत कारखानदार पेटंटाचा अर्ज घेऊनच त्यांच्याकडे आला. निम्मा नफा देऊ म्हणाला. त्यांनी नकार दिला आणि ही हकिगत मित्राला, रवींद्रनाथ ठाकुरांना, पत्राने कळवली. पैशाच्या मागे लागलेल्या माणसाची सुटका नाही, असे त्यांचे मत होते. अखेर भगिनी निवेदिता आणि अमेरिकेच्या श्रीमती बुल यांनी फारच गळ घातली, तेव्हा गॅलिना स्फटिकाच्या तरंगशोधकाचे अमेरिकन पेटंट त्यांच्या नावे निघाले. ते १९०४ मध्ये मंजूर झाले. अर्धवाहकाच्या साधनाचे ते पहिले पेटंट मानले जाते. त्यातूनही त्यांनी पैसा केला नाही. या नकाराचे आपण नुसते गोडवे गातो. मला मात्र वाटते, की त्या पैशातून एक मोठी प्रयोगशाळा पंधरा वर्षे आधी उभी राहिली असती.

लांब तरंग की आखूड तरंग, हा त्या दोघांमधला फरक आपल्या मोबाइलच्या जाळ्यात जसाच्या तसा उतरला आहे. जाळे म्हणजे काय? प्रत्येक टॉवर आपल्याभोवतीच्या थोड्या भागाची जबाबदारी घेतो. या भागाला सेल म्हणतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी ही घरे शेजारी शेजारी बसवायची, आणि एका घरात वापरलेली वारंवारता थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या घरात पुन्हा वापरायची. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ही कल्पना १९४७ मध्येच कागदावर आली होती. तुम्ही बसने बेळगावहून खानापूरला निघालात, तर तुमचे संभाषण एका घरातून दुसऱ्यात हलकेच सोपवले जाते.

प्रत्येक घर किती मोठे, हे टॉवरच्या ताकदीपेक्षाही तरंगाच्या लांबीवर फार अवलंबून असते. ९०० मेगाहर्ट्झचा तरंग सुमारे ३३ सेंटिमीटर लांब. तो टेकडीच्या माथ्यावरून थोडा वाकून पलीकडे उतरतो, कौलारू घरात शिरतो, काही किलोमीटर सहज जातो. २०२२ च्या लिलावात आपल्या देशात ३.३ गिगाहर्ट्झचा पट्टा ५जी साठी विकला गेला. तो तरंग जेमतेम नऊ सेंटिमीटरचा, त्यामुळे त्याचे घर लहान. त्याच लिलावात २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही होता. त्याची तरंगलांबी सुमारे साडेअकरा मिलिमीटर. म्हणजे जगदीशचंद्रांच्या मेजावरचाच तरंग! तो शेदोनशे मीटरवर दमतो आणि भिंत, झाडाची पालवी, पावसाची सर यांपुढे नमतो.

मग कोणी तो घ्यावा कशाला? कारण त्यात जागा आहे. जुन्या ९०० च्या पट्ट्यात एका दिशेला २५ मेगाहर्ट्झची रुंदी होती आणि ती सगळ्या कंपन्यांत वाटायची होती. २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तब्बल ३२५० मेगाहर्ट्झ आहेत. अरुंद पायवाट लांब गावापर्यंत जाते आणि प्रशस्त रस्ता चौकापुरताच आहे, असा हा पेच. भरलेल्या मैदानात, रेल्वे स्थानकात हजारो माणसे एकाच वेळी चित्रे पाहू लागली, तर आखूड तरंगच हवेत. कणकुंबीच्या जंगलात मात्र लांब तरंगाचा एक उंच टॉवर दहा लहान टॉवरांना भारी. दाट वस्तीत दोन्ही प्रकारचे टॉवर लावणे परवडते. घाटातल्या विरळ वाड्यांसाठी एकच लावायलाही कंपनी हिशेब करते. रेंजचा प्रश्न तेथे पदार्थविज्ञानाचा कमी आणि पैशाचा जास्त होतो.

आणखी एक गोष्ट मुले विसरतात. फोनवर दिसणाऱ्या दांड्या टॉवरचा आवाज आपल्याला किती ऐकू येतो ते सांगतात. आपला आवाज टॉवरला पोहोचतो की नाही, हे सांगत नाहीत. टॉवर काही दहा वॅटने बोलतो, तर ४जी फोन वॅटच्या पाचव्या हिश्श्याने. डोंगराच्या कडेला दोन दांड्या दिसतात आणि तरी बोलणे होत नाही, ते यामुळे. चंदगडच्या बाजूला गेले की फोन भलत्याच राज्याच्या टॉवरला जाऊन चिकटतो, कारण त्याला हद्द दिसत नाही, फक्त कोणाचा आवाज मोठा ते दिसते.

भारतातला पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीतील दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. टाउन हॉलच्या प्रयोगाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे होत होती, आणि दोन्ही इमारती एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

जगदीशचंद्र स्वतः आखूड तरंगांपाशी फार वर्षे थांबले नाहीत. सतत वापरला की कोहीरर थकतो आणि विश्रांती दिली की पुन्हा ताजा होतो, हे त्यांना दिसले. धातूही थकतो, मग स्नायू आणि वनस्पती यांचे काय, या प्रश्नाने ते १९०० च्या सुमारास दुसऱ्याच रानात शिरले. तेथे त्यांनी वनस्पतीची वाढ प्रचंड मोठी करून दाखवणारे क्रेस्कोग्राफ यंत्र केले, शरीरशास्त्रज्ञांशी वाद घातले, काही जिंकले. सजीव आणि निर्जीव यांतली रेषा पुसून टाकण्याचा त्यांचा आग्रह पुढे शास्त्राने स्वीकारला नाही. तरंगांच्या क्षेत्राचे मात्र नुकसानच झाले. मिलिमीटर तरंगांकडे जग गंभीरपणे पुन्हा वळायला कित्येक दशके जावी लागली.

१९१५ मध्ये ते प्रेसिडेन्सीतून निवृत्त झाले. १९१७ मध्ये सर झाले आणि त्याच वर्षीच्या वाढदिवशी कलकत्त्यात त्यांनी स्वतःची संशोधन संस्था उघडली. १९२० मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. २० जुलै १९३७ रोजी मार्कोनी वारले, तेव्हा जगभरच्या नभोवाणी केंद्रांनी दोन मिनिटे प्रक्षेपण थांबवले. त्यानंतर चारच महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला, गिरिडीह येथे जगदीशचंद्रांनी देह ठेवला. त्यांची नळी, नरसाळे आणि ठिणगीचे गोळे त्यांच्या कलकत्त्याच्या संस्थेत जपून ठेवलेले आहेत. तिसऱ्या वर्षाची शैक्षणिक सहल तिकडे नेता येईल का, याची मी सध्या चौकशी करतो आहे.